कुठली नस मोकळी करणार, ते आधी विचारा

‘डॉक्टर, सा. न. वि. वि.
माझे यजमान एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, वय 61. 18 वर्षांपासून शुगर आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला जखम झाली. कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही, मोज्याला रक्त लागलेलं मला दिसलं. भरायला 4 महिने लागले. बोट वाचलं, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पूर्वी रात्री तळव्यांची आग व्हायची, आता आग थांबली आहे, फक्त कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणतात. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि तसं ऑपरेशन करणाऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे ह्यांना नेऊन आणलं. ते म्हणाले, नसा दबल्या आहेत, दोन्ही पायांत तीन-तीन ठिकाणी मोकळ्या करू, संवेदना परत येईल, पुन्हा जखम होणार नाही. खर्च अडीच लाख. शेजारच्या भाऊजींच्या पायाची नस मोकळी केली आणि त्यांचा पाय वाचला, म्हणून ह्यांचा पक्का विश्वास बसलाय. ह्यांना आषाढीची वारी पुन्हा अनवाणी करायची आहे, 20 वर्षांचा नेम आहे. धाकटीच्या लग्नाची एफडी मोडावी लागेल. मी रोज रात्री ह्यांचे पाय बघते तर चिडतात. त्या बोटाला बाक आहे, टोकाला घट्टा धरतो, तो ब्लेडने कापतात. काय करू?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा’

ताई,

एफडी मोडू नका. निदान आज तरी नको. का, ते सांगते. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य लिहून गेलात, मला सगळ्या पत्रात तेच मोलाचं वाटलं. त्याच्याकडेही येते.

आधी ‘नस’ या शब्दाचा घोळ मिटवू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. रक्त काढताना नस सापडत नाही, कंबर दुखली की नस दबते, हार्ट अटॅक आला की नस ब्लॉक होते. तुमच्या शेजारच्या भाऊजींचा पाय वाचला, तो बहुतेक रक्तवाहिनी मोकळी केल्यामुळे. फुगा घालून, म्हणजे अँजिओप्लास्टी करून, नाहीतर बायपास करून. पायाला रक्तच पोचत नसेल तर ते पोचवणारं ऑपरेशन खरोखर पाय वाचवतं, त्यात वाद नाही. तुमच्या यजमानांना सुचवलंय ते मज्जातंतूचं ऑपरेशन. नाव एकच, काम अगदी वेगळं. भाऊजींच्या घरी जाऊन त्यांचं डिस्चार्ज कार्ड एकदा बघाच. यजमानांचा अर्धा विश्वास तिथेच हलेल.

आता हे मज्जातंतूचं ऑपरेशन काय आहे? ही कल्पना अमेरिकेत बाल्टिमोरच्या ए. ली डेलन या शल्यविशारदांची. मधुमेहात मज्जातंतूत साखर शिरते, तिचं सॉर्बिटॉल होतं, सॉर्बिटॉल पाणी ओढून घेतं आणि मज्जातंतू फुगतो. पायात काही जागी हे तंतू अरुंद वाटेतून जातात: घोट्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली बाहेरच्या अंगाला, आणि पावलाच्या पाठीवर. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तसा तंतू तिथे आवळला जातो. दार तासता येत नाही, तर चौकट सैल करायची. डेलन यांनी 1992 साली अशा रुग्णांचा अनुभव छापला आणि पुढे जगभर त्यांच्या पद्धतीने शस्त्रक्रिया करणारे लोक तयार झाले. तुमच्या शहरातल्या डॉक्टरांनी घोट्याच्या आत बोटाने टिचक्या मारून ‘मुंग्या येतात का’ असं विचारलं असेल. टिचकीसरशी पायात झिणझिणी गेली तर तंतू तिथे आवळलाय आणि अजून जिवंत आहे, असं ते धरतात. कल्पना वेडगळ नाही. मधुमेहाच्या माणसाच्या मनगटात अशीच नस आवळते, तेव्हा ती सोडवायचं ऑपरेशन मी स्वतः केलंय आणि हाताची झोपमोड करणारी कळ गेलेली पाहिलीय.

अडचण पुढे आहे. तुमच्या यजमानांचा बधिरपणा कसा आला, आठवून बघा. दोन्ही पायांना सारखा, आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्याला, मग मोजा घातल्यासारखा वर चढत गेला असणार. एका बोगद्यात एक तंतू आवळला तर बधिरपणा त्या तंतूच्या हद्दीपुरता राहतो, शेजारच्या हद्दीत जात नाही. मधुमेहाचा बधिरपणा हद्दी मानत नाही, तो लांबी मानतो. सगळ्यांत लांबचा तंतू आधी जातो. तुम्ही सोलापूरकर, तुम्हाला उजनीच्या कालव्याचं उदाहरण दिलं तर पटेल: धरणातूनच पाणी कमी सुटलं की आधी टेलच्या शेताला कोरड पडते. मधल्या एका मोरीतला गाळ काढून टेलला पाणी येईलच असं नाही. मोरी खरोखर तुंबली असेल तर येईल. तुंबलेली मोरी आणि रिकामं धरण यांतला फरक नीट तपासल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या मते हे ऑपरेशन सुचवताना घाई होते ती नेमकी इथेच.

पुरावा काय म्हणतो, तेही सांगते, कारण व्हिडिओत एकच बाजू असते. 2004 साली डेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 मधुमेही रुग्णांचा आढावा छापला. सगळ्यांच्या एकाच पायाचं ऑपरेशन झालेलं होतं. सरासरी साडेचार वर्षांत ऑपरेशन झालेल्या पायांना एकही जखम झाली नाही. न केलेल्या पायांना 12 जखमा झाल्या आणि 3 ठिकाणी अवयव कापावा लागला. आकडे वाचून कुणीही चमकेल, मीही चमकले होते. पण हा आढावा मागे वळून घेतलेला होता. कुठल्या पायाचं ऑपरेशन करायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि तपासणारे आणि ऑपरेशन करणारे एकाच गटातले. जो पाय जास्त दुखतो, त्याचंच ऑपरेशन माणूस आधी करून घेतो. आणि दुखणाऱ्या पायात तंतू अजून शिल्लक असतात. मग तो पाय ऑपरेशनमुळे वाचला की मुळातच बऱ्या अवस्थेत होता, हे कसं ठरवायचं? 2006 मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेने सगळा पुरावा चाळून या ऑपरेशनला ‘अद्याप सिद्ध न झालेलं’ म्हटलं.

नंतर चिठ्ठ्या टाकूनही अभ्यास झाले. हॉलंडमध्ये उट्रेख्टला प्रत्येक रुग्णाचा एक पाय चिठ्ठीने निवडून त्याचं ऑपरेशन केलं, दुसरा तसाच ठेवला. ऑपरेशनच्या पायाचं दुखणं कमी झालं, पण तंतूतून विद्युतलहर जाण्याचा वेग तपासला तर तो सुधारलेला नव्हता. अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी आणखी पुढची गोष्ट केली. एका पायाच्या नसा खरोखर मोकळ्या केल्या, दुसऱ्या पायाला नुसती चीर देऊन शिवून टाकली. पहिल्या वर्षात दोन्ही पायांचं दुखणं उतरलं! मनाचा हा खेळ शल्यविशारदांनी विसरू नये, मीही आयुष्यभर विसरतच आले. त्यांच्या लांब मुदतीच्या निकालात खऱ्या ऑपरेशनचा पाय वरचढ ठरला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लक्षात घ्या ताई, हे सगळं दुखण्याबद्दल आहे. जखम टळते का, हा प्रश्न या अभ्यासांनी सोडवलेला नाही. मधुमेही पायांबद्दल सगळ्या जगात ज्यांचे नियम वापरतात, त्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये स्पष्ट लिहिलं की, जखम टाळण्यासाठी नेहमीच्या चांगल्या निगेऐवजी हे ऑपरेशन करू नये असं आम्ही सुचवतो.

आणि तुमच्या यजमानांना तर आता दुखतच नाही.

यावर थोडं थांबते. आग थांबली म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं असेल, बरोबर? आग होणं म्हणजे आजारी तंतूचं ओरडणं. ते थांबतं ते दोन कारणांनी: एकतर तंतू सुधारला, नाहीतर ओरडायला उरलाच नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतंय आणि मोज्यातल्या रक्ताचा पत्ता नाही, म्हणजे दुसरं कारण. हे ऑपरेशन ज्यांना उपयोगी पडण्याची शक्यता असते ते रुग्ण वेगळे: आग किंवा ठणका अजून आहे, टिचकीला झिणझिणी येते, रक्तपुरवठा चांगला, साखर आटोक्यात, आणि डुलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या नीट मात्रेत घेऊनही झोप लागत नाही. तशा माणसाने मला विचारलं असतं तर मी ‘विचार करा’ म्हटलं असतं. एका पायात अचानक पाऊल लुळं पडलं, चप्पल निसटायला लागली, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला दाब सापडला, तरी म्हटलं असतं. तुमच्या यजमानांना मी तसं म्हणणार नाही.

आता ते वाक्य. ‘त्या बोटाला बाक आहे, टोकाला घट्टा धरतो.’

जखम कुठे झाली होती? त्याच बोटाच्या टोकाला. ही जखम कशामुळे झाली हे त्या बोटाने तुम्हाला सांगून ठेवलंय. मधुमेहात पावलातले लहान स्नायू अशक्त होतात, मग मोठे स्नायूबंध बोटांना ओढून आकड्यासारखं वाकवतात. वाकलेल्या बोटाचा गर खाली टेकायच्या ऐवजी टोक टेकतं. दर पावलाला नखाखालच्या दोन ज्वारीच्या दाण्यांएवढ्या जागेवर भार. तिथे घट्टा धरतो, घट्टा स्वतःच खड्यासारखा आत रुततो, खाली रक्त साकळतं, आणि एक दिवस मोजा लाल होतो. तुम्हाआम्हाला हे दुखलं असतं, आपण लंगडलो असतो, वाचलो असतो. त्यांना दुखत नाही म्हणून ते सरळ चालत राहतात.

घरी एक करून बघा. यजमानांना खुर्चीवर बसवा आणि ते वाकडं बोट हलक्या हाताने सरळ करून बघा. सरळ होतंय? मग एक अगदी छोटं ऑपरेशन आहे. बोटाच्या खालून, भूल त्या जागेपुरती देऊन, बोट वाकवणारा स्नायूबंध बारीक छेदातून सोडवायचा. बहुतेक वेळा टाकाही लागत नाही, त्याच दिवशी घरी. बोट सरळ होतं, टोकावरचा भार जातो, घट्टा धरायचा थांबतो. ज्या कार्यगटाने मज्जातंतूच्या ऑपरेशनला नको म्हटलंय, तोच कार्यगट लवचिक वाकड्या बोटाच्या टोकाला घट्टा असेल तर याचा विचार करा म्हणतो. भार शेजारच्या बोटावर सरकू शकतो, म्हणून नंतरही नजर ठेवावी लागते. बोट ताठरलं असेल, सरळ होतच नसेल, तर हा मार्ग नाही, मग बोटाखाली आधार देणारी सिलिकॉनची उशी किंवा हाडाचं वेगळं काम. पण अडीच लाखांच्या मानाने हा खर्च किरकोळ. सहा चिरांऐवजी एक टोचा. मला राहून राहून आश्चर्य वाटतं की नसांपर्यंत पोचलेल्या तपासणीत बोट कुणी हातात धरून पाहिलं नाही.

याच्याही आधी एक गोष्ट हवी, आणि ती कुठल्याही ऑपरेशनच्या आधी हवी: पायात रक्त पोचतंय का. पावलाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी हाताने बघतात, आणि घोट्याचा रक्तदाब यंत्राने मोजून दंडाच्या रक्तदाबाशी ताडतात. हे गुणोत्तर 0.9 च्या खाली गेलं तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यायची. मधुमेहात रक्तवाहिन्या चुनखडीसारख्या कडक होतात, तेव्हा हा आकडा फसवा चांगलाही येतो, म्हणून डॉप्लरचा, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज ओळखणारा माणूस हवा. रक्त कमी असताना घोट्याजवळ चीर दिली तर ती चीरच नवी जखम होऊन बसते. जखम टाळायला गेलो आणि जखम करून आलो, असं मी पाहिलंय. पाहिलंय म्हणते, तेव्हा दुसऱ्यांवर ढकलत नाही, त्यातला एक रुग्ण माझा होता.

ब्लेड आजपासून बंद. बधिर पायावर स्वतः ब्लेड चालवणं म्हणजे अंधारात भाजी चिरणं. मेडिकलमधली घट्ट्यावर, भोवरीवर चिकटवायची औषधी पट्टीसुद्धा नको, तिच्यात आम्ल असतं, ते निरोगी कातडीही खातं. घट्टा डॉक्टरकडून किंवा पायाच्या निगेचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून तासून घ्यायचा. एकदा जखम होऊन भरलेला पाय सगळ्यांत जास्त धोक्याच्या गटात मोडतो, अशा पायाची तपासणी दर 1 ते 3 महिन्यांनी व्हायला हवी. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, पण भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आहे. जखम भरली तेव्हा दवाखान्यात कुणी तुम्हाला हे सांगितलं नसेल, पेढे वाटून घरी पाठवलं असेल.

चपलेबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे, कारण माझ्या अनुभवात पाय वाचवले असतील तर ते चपलेनेच.

1946 मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम केलं. तोवर लोक समजत, कुष्ठरोगात बोटं सडून गळतात. ब्रँड यांच्या लक्षात आलं की सडत काही नाही. दुखत नाही म्हणून माणूस भाजून घेतो, खिळ्यावर चालतो, आणि रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडतात तेही कळत नाही. रुग्णांना घरी पाठवताना ते सोबत मांजर देत! बधिर पावलांसाठी तिथे मऊ रबराच्या चपला बनवायला लागले. आज दुकानात ‘एमसीआर चप्पल’ (मायक्रोसेल्युलर रबर) म्हणून मिळते ती त्याच घराण्यातली. मधुमेही पायाचं शास्त्र बऱ्याच अंशी कुष्ठरोग्यांनी शिकवलेलं आहे, आणि त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं होतं.

यजमानांसाठी चप्पल किंवा सँडल अशी हवी: तळ बाहेरून टणक आणि आतून मऊ, टाचेमागे पट्टा, पट्टे वेल्क्रोचे, पुढे बोटांना ऐसपैस जागा आणि उंची, म्हणजे वाकडं बोट वरून घासणार नाही. अंगठा अडकवायची चप्पल नको, बधिर पाय ती पकडून ठेवायला बोटं आणखी वाकवतो. विकत संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पहिल्या दिवशी तासभर घालून काढा आणि लाल ठिपका दिसतो का बघा. आणि दोन जोड घ्या, एक घरात घालायला. माहीत आहे, आपल्याकडे घरात चप्पल म्हणजे अब्रह्मण्यम्. देवघरात आणि स्वयंपाकघरात तर विचारूच नका. पण पडलेली टाचणी, कुकरच्या शिट्टीशेजारी सांडलेलं गरम पाणी, फुटलेल्या कपाची कपची, हे सगळं घरातच असतं. घरातला जोड कधीच बाहेर न्यायचा नाही, एवढं सांगितलं की सासवासुद्धा ऐकतात, असा माझा अनुभव आहे. पूजेला बसायचं तर पाटाशेजारी चप्पल काढा, बसा, उठताना घाला.

आता रात्रीच्या तपासणीचं. ताई, पाय त्यांचे आहेत. तुम्ही बघता म्हणून ते चिडतात, कारण निवृत्त माणसाला बायकोने पाय धरून तपासणं म्हणजे आजारी ठरवणं वाटतं. काम त्यांच्याकडे द्या. ज्या माणसाने आयुष्यभर गाडी डेपोतून काढण्याआधी टायर बघितले, हवा बघितली, त्याला हे शिकवावं लागणार नाही. ‘सकाळी गाडी काढायच्या आधीची तपासणी’ म्हणा आणि एक हातआरसा द्या. तळवा, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का, टाचेच्या भेगा, आणि मग दोन्ही पावलांवर हाताची पालथी बाजू लावून एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय का. घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची, आतून हात फिरवायचा. भेगांना रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन, बोटांच्या बेचक्यांत मात्र काही चोळायचं नाही, तिथे कोरडंच हवं. गरम पाण्यात पाय बुडवणं, शेकोटी, गरम पिशवी बंद. तुमच्याकडे आठवड्यातून एकदाच काम: त्यांना डोळे मिटायला सांगून अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, दोन्ही पायांना, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना गेलीय असं धरतात. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या डॉक्टरांनी बसवलेली ही चाचणी आहे, उपकरण लागत नाही. यजमानांना त्यांचा स्वतःचा निकाल कळला की ‘मला काही झालेलं नाही’ हे पालुपद आपोआप कमी होतं.

एक पाऊल लाल, गरम, सुजलेलं, आणि जखम कुठेच नाही, असं झालं तर ‘मुरगळला असेल’ म्हणून चोळत बसू नका. बधिर पायात हाडं आतल्या आत खचत असतात तेव्हा असं दिसतं. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्या पायावर भार नाही. जखम, पू, वास, ताप असेल तरी त्याच दिवशी. हळद भरून वाट बघायची नाही.

उरली वारी. इथे मी डॉक्टर म्हणून कठोर आणि माणूस म्हणून जरा मऊ होणार आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, ऊन, पाऊस, ओले पाय, डांबरावरची खडी. बधिर पायाने अनवाणी: नाही. ऑपरेशन केलं तरी नाही. कारण नसा मोकळ्या केल्यावर जी काही संवेदना येईल ती हळूहळू, महिन्यांनी, अर्धीमुर्धी, आणि पंढरीच्या वाटेवर काच टोचल्याचं सांगण्याइतकी येईलच असं कुणी लिहून देणार नाही. तुमच्या डॉक्टरांना मागून बघा लिहून. यंदा त्यांनी एसटीने वाखरीला उतरावं (पास आहे ना निवृत्तांचा?), शेवटचा टप्पा सँडल घालून, मोजे बदलत, सावकाश चालावा. देवळात शिरताना जाड मोजे घालावेत, पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहण्यापेक्षा मुखदर्शन घ्यावं. आणि तेही जमलं नाही तर नामदेव पायरीला हात लावून कळसाचं दर्शन. वारकऱ्यांना कळसाचं दर्शन कमी वाटत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नाही. नेम मोडत नाही, चप्पल घातली जाते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात काय करायचं? मधुमेही पायाचं काम नियमित करणाऱ्या डॉक्टरकडे जा. सोलापुरात असे डॉक्टर मिळतील, मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयातही विचारा. नाडी आणि घोट्याचा दाब बघून घ्या, 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने आणि ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे कंप पावणाऱ्या चिमट्याने, संवेदना तपासून घ्या, बोट हातात धरून दाखवा आणि स्नायूबंध सोडवून चालेल का ते सरळ विचारा. शहरातल्या त्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलात तर भांडू नका, फक्त इतकं विचारा: ह्यांना आग होत नाही, मग ऑपरेशन नेमकं कशासाठी, आणि टिचकीला झिणझिणी आली होती का. उत्तर ‘संवेदना येईल’ एवढंच मिळालं, तर नमस्कार करून परत या.

आणि तपासणीला जाताना यजमानांची रोजची जुनी चप्पल पिशवीत घालून न्या, दुकानातून आणलेली नवी नको. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षकांच्या तळव्याची जखम मी सहा आठवडे ड्रेसिंग करत बसले होते, प्रतिजैविकं बदलत होते, साखरेला दोष देत होते. शेवटी माझ्या कंपाउंडरने त्यांचा बूट हातात घेऊन आत बोट फिरवलं. तळातून वर आलेलं खिळ्याचं टोक सापडलं. पक्कड आणून त्यानेच ते उपटलं, आणि जखम तीन आठवड्यांत भरली.